रिपोर्टातला विषाणू आणि बाईचं चारित्र्य

हर्पीसचा विषय निघाला की आपल्याकडे तीन वाक्यं छातीठोकपणे बोलली जातात. 'अंगावर फोड नाही ना, मग काही नाही.' 'बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.' आणि 'लग्नाआधी सगळ्यांची तपासणीच सक्तीची करा, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.' दवाखान्याच्या बाकावर ही वाक्यं ऐकू येतात, सोयरीक जमवणाऱ्यांच्या बैठकीत ऐकू येतात, आणि अधूनमधून शिकल्यासवरल्या, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या माणसाच्या तोंडूनही येतात. गंमत अशी की पहिलं आणि दुसरं वाक्य एकमेकांना छेद देतं. पहिल्यात डोळ्यांना दिसेल तेच खरं. दुसऱ्यात कागदावर छापलंय तेच खरं. तरी एकच माणूस दोन्ही बिनदिक्कत बोलतो, कारण पहिलं वाक्य त्याने नवऱ्यासाठी राखून ठेवलेलं असतं आणि दुसरं बायकोसाठी.

या तिन्ही वाक्यांचा पाया एकच आहे. विषाणू आणि लक्षण ही जोडगोळी आहे, एक असेल तिथे दुसरं दिसणारच, आणि नसेल तर काहीतरी लपवलं जातंय, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. हा पायाच कच्चा आहे. हर्पीस कुळातले विषाणू कोणतंही लक्षण न देता शरीराबाहेर पाझरतात. लाळेतून, दुधातून, लघवीतून, योनीतल्या आणि गर्भाशयमुखावरच्या स्रावातून. असा पाझर ही त्यांची तऱ्हेवाईक वागणूक नव्हे, नित्याची रीत आहे. ती नीट समजून घेतली तर वरचं एकही वाक्य उभं राहत नाही.

आधी कुळाची ओळख करून घेऊ, कारण निम्मा गैरसमज तिथेच आहे. माणसाला लागण करणारे या कुळातले विषाणू आठ. सहाव्याचे दोन उपप्रकार वेगळे मोजले तर नऊ. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स एक. बहुतेक वेळा जननेंद्रियांवर वस्ती करणारा हर्पीस सिम्प्लेक्स दोन. कांजिण्यांचा विषाणू. एप्स्टाइन-बार. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे रिपोर्टमध्ये 'सीएमव्ही' म्हणून दिसतो तो. मग सहावा, सातवा, आठवा. सगळ्यांचा गुण सारखा: एकदा शरीरात शिरले की जन्माचे सोबती. कुणी मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो, कुणी रक्तातल्या पेशींमध्ये, आणि मधूनमधून जागा होऊन बाहेर डोकावतो.

यातला कांजिण्यांचा विषाणू आपल्या घराघरात माहितीचा आहे. पोराला पाचव्या वर्षी कांजिण्या येतात, आणि त्याच विषाणूची साठीत त्याच्या बरगडीवरून नागीण निघते. मधली पंचावन्न वर्षं विषाणू कण्याजवळ गप्प पडून असतो. नागीण झालेल्या आजोबांना 'ही कुठून आणलीत?' असं कुणी विचारत नाही. त्यांना गेरू लावतात, औषध देतात, विचारपूस करायला शेजारीपाजारी येतात. त्याच कुळातला दुसरा विषाणू तसाच वर्षानुवर्षं दडून राहून एखाद्या बाईच्या स्रावात सापडला, की मात्र चौकशी समिती बसते. विषाणूशास्त्रात या दोन घटनांत काडीचा फरक नाही. फरक जागेचा आहे, आणि ती जागा बाईच्या शरीरातली आहे याचा आहे.

आता पहिल्या वाक्याकडे वळू: फोड नाही, म्हणजे काही नाही.

याचं उत्तर अमेरिकेतल्या सिएटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात, अ‍ॅना वॉल्ड, लॉरेन्स कोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन दशकं खपून दिलं आहे. त्यांची पद्धत साधी होती. ज्यांच्या रक्तात हर्पीस सिम्प्लेक्स दोनच्या विरोधातली प्रतिपिंडं सापडली, त्या लोकांना रोज घरच्या घरी स्वतःचा नमुना घ्यायला शिकवलं. बायकांनी काडीवर गुंडाळलेला बोळा योनीच्या बाहेरच्या भागावरून आणि गुदद्वाराभोवती फिरवायचा, कुपीत टाकायचा, आणि डायरीत लिहायचं की आज काही फोड, आग, खाज आहे का. फोड असो वा नसो, रोज. निदान तीस दिवस. नंतर प्रयोगशाळेत पीसीआरने त्या काडीवर विषाणूचा डीएनए शोधायचा.

2011 साली या गटाने 498 लोकांचे असे नमुने एकत्र मांडले. ज्यांना जननेंद्रियांच्या हर्पीसचा त्रास ठाऊक होता, त्यांच्यात 20 टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात कधी फोड आल्याचं आठवतच नव्हतं, त्यांच्यातही 10 टक्के दिवशी तो सापडला. म्हणजे स्वतःला ठणठणीत समजणारं माणूसही दहा दिवसांतून साधारण एक दिवस विषाणू बाहेर टाकत होतं. आणि लक्षण नसलेल्या दिवशी सापडणाऱ्या विषाणूचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं होतं. फोड न येणाऱ्या माणसाचा विषाणू दुबळा असतो, ही समजूतही त्याबरोबर निकालात निघाली.

हे घडतं कसं, तेही आता बऱ्यापैकी उलगडलं आहे. हा विषाणू कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत राहतो. तिथून तो तंतूच्या वाटेने खाली उतरतो आणि त्वचेच्या किंवा श्लेष्मल त्वचेच्या मोजक्या पेशींमध्ये वाढतो. त्या जागी आधीच्या वेळेपासून पहाऱ्याला बसलेल्या पांढऱ्या पेशी त्याला बहुधा काही तासांतच आवरतात. 2008 साली याच मंडळींनी दिवसातून चार वेळा नमुने घेऊन पाहिलं, तेव्हा जननेंद्रियांवरच्या या उद्रेकांपैकी जवळपास एक चतुर्थांश सहा तासांत आटोपले होते आणि निम्मे बारा तासांच्या आत. फोड येतो तो पहारा कमी पडला तरच. सकाळी आलेला आणि संध्याकाळी संपलेला पाझर ना त्या बाईला कळतो, ना तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना.

यावर हुशार माणूस म्हणेल, 'पीसीआरला नुसता डीएनए सापडतो. जिवंत विषाणू असेलच असं कुठे आहे? तो दुसऱ्याला लागतो का, ते सांगा.' शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर पीसीआरचा बोलबाला होण्याआधीच मिळालं होतं. 1992 साली 144 जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडप्यातल्या एकाला हर्पीस, दुसऱ्याला नाही. अभ्यासाच्या काळात जे नव्याने बाधित झाले, त्यांच्यातल्या सुमारे 70 टक्क्यांना लागण झाली ती जोडीदाराच्या अंगावर काहीही दिसत नसताना. ही जोडपी अडाणी नव्हती. हर्पीस आहे हे त्यांना माहीत होतं, फोड दिसला की जवळ जायचं नाही हेही पक्कं ठाऊक होतं. 'फोड दिसेल तेव्हा सांभाळू' हा सल्ला मनापासून पाळणाऱ्यांच्याच घरात तो फसला.

आपल्या सरकारी व्यवस्थेने मात्र या सल्ल्यावरच इमारत बांधली आहे. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांसाठी रंगवार औषधांचे संच असतात. अंगावरून जात असेल तर हिरवा किंवा करडा, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळा, हर्पीससारखी जखम दिसली तर लाल. लाल संचात अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या. लक्षण पाहा, रंग निवडा, गोळ्या द्या. प्रयोगशाळा हाताशी नसलेल्या ठिकाणी ही पद्धत उपयोगी पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यात लक्षण नसलेल्या माणसाला रंगच नाही. आणि आपल्याकडे लक्षण असूनही बाई बोलत नाही, ही तर वेगळीच कथा. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. स्त्रीरोगाची किंवा लैंगिक आजाराची एखादी तरी खूण 92 टक्के स्त्रियांत होती. तक्रार सांगणाऱ्या होत्या 55 टक्के. आणि त्याआधी कधीही अंतर्गत तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के. तो अभ्यास हर्पीसचा नव्हता. पण 'बाई काही बोलत नाही म्हणजे तिला काही नाही' हे गृहीतक इथल्या मातीत किती पोकळ आहे, ते त्याने दाखवून दिलं. पस्तीस वर्षांनंतरही आपण तेच गृहीतक उराशी धरून आहोत.

आता दुसरं वाक्य, अधिक विखारी: रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे पाणी मुरतंय.

यात एक हिशेब दडलेला असतो. विषाणू आज सापडला, म्हणजे तो नुकताच आला. नुकताच आला, म्हणजे कुणीतरी दिला. आणि नवरा तर धडधाकट आहे, म्हणजे तो दुसराच कुणी. या साखळीतली प्रत्येक कडी तुटकी आहे. जन्मभर साथ करणारा विषाणू आज सापडला, एवढ्यावरून तो कधी आला हे सांगता येत नाही. तो लग्नाआधी आलेला असू शकतो, लग्नानंतर नवऱ्याकडून आलेला असू शकतो. आणि नवरा 'धडधाकट' आहे हे कशावरून? त्याच्या अंगावर फोड नाही यावरून. म्हणजे वर ज्या वाक्याची वासलात लागली, त्याच वाक्याचा आधार घेऊन.

उलट आकडे विचारले तर ते नवऱ्याच्या बाजूने बोलत नाहीत. त्याच 144 जोडप्यांच्या अभ्यासात पुरुषाकडून स्त्रीला लागण झाली ती सुमारे 17 टक्के जोडप्यांत, आणि स्त्रीकडून पुरुषाला सुमारे 4 टक्क्यांत. शरीररचनाच अशी आहे की स्त्रीकडे श्लेष्मल त्वचेचा उघडा पृष्ठभाग जास्त, तिला लागण होण्याची शक्यता जास्त. जगभर हर्पीस सिम्प्लेक्स दोन पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, त्याचं हे मोठं कारण. तेव्हा एकनिष्ठ बाईच्या रिपोर्टमध्ये हा विषाणू दिसला, तर पहिली शंका कुणाकडे वळायला हवी? पण तपासणी होते तिची. कारण दिवस गेल्यावर, मूल राहत नाही म्हणून, गर्भपात झाला म्हणून दवाखान्याची पायरी तीच चढते. ज्याची तपासणी झालीच नाही तो निर्दोष, आणि जिची झाली ती आरोपी, असा हा न्याय आहे.

आणि हर्पीस सिम्प्लेक्स दोन हा या कुळातला एकच विषाणू. योनीच्या आणि गर्भाशयमुखाच्या स्रावात लक्षणाविना सापडणारे त्याचे भाऊबंद पाहिले, तर चारित्र्याचा हिशेब पुरता हास्यास्पद होतो. सीएमव्ही घ्या. आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच होतो: आईच्या दुधातून, भावंडांच्या लाळेतून, बालवाडीत तोंडात घातलेल्या खेळण्यांवरून. भारतातल्या बहुसंख्य तरुण स्त्रियांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं असतात. हाच विषाणू पुढे गर्भाशयमुखाच्या स्रावातही अधूनमधून उतरतो. एप्स्टाइन-बार लाळेतला म्हणून प्रसिद्ध, पण तोही गर्भाशयमुखावर सापडतो, हे 1986 सालीच दाखवलं गेलं. सहावा तर बहुतेकांना दोन वर्षांच्या आत गाठतो. तान्ह्या मुलाला तीन दिवस ताप आणि मग अंगावर पुरळ, तो हाच. आणि शंभरातल्या साधारण एका माणसात हा सहावा विषाणू आईवडिलांकडून गुणसूत्रातच येतो. त्या माणसाच्या प्रत्येक पेशीत त्याचा डीएनए असतो. नखात, केसाच्या मुळात, आणि अर्थात योनीस्रावातही. अशा बाईच्या काडीवर विषाणू सापडला, तर तो तिला तिच्या आजीकडून आलेला असू शकतो. बोला, कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा करणार?

इथेच 'टॉर्च' नावाच्या तपासणीचा समाचार घ्यायला हवा. एक-दोन गर्भपात झाले की आपल्याकडे ही तपासणी सर्रास लिहून दिली जाते: टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पीस. रिपोर्ट येतो तो असा: डाव्या बाजूला चार-पाच नावं, प्रत्येकापुढे आयजीजी आणि आयजीएम, मग आकडा, मग 'नॉर्मल' म्हणून छापलेली मर्यादा, आणि आकडा त्याबाहेर गेला की ठळक अक्षरात 'पॉझिटिव्ह'. सीएमव्ही आयजीजी ठळक, हर्पीस आयजीजी ठळक. बाई हादरते, सासू विचारात पडते, नवरा गप्प होतो. खरं तर आयजीजीचा अर्थ एवढाच की आयुष्यात कधीतरी या विषाणूशी गाठ पडली होती. हर्पीसच्या अनेक स्वस्त तपासण्यांत तर ओठांवरचा एक आणि जननेंद्रियांवरचा दोन यांत फरकही केलेला नसतो, म्हणजे लहानपणी मावशीने घेतलेल्या पाप्याची नोंदही तिथे 'हर्पीस पॉझिटिव्ह' म्हणून उमटते. आयजीएम हा 'नव्या लागणीचा पुरावा' म्हणून मिरवला जातो, पण हर्पीसमध्ये तो जुन्या विषाणूच्या पुनर्जागरणातही वर येतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हर्पीससाठी आयजीएम वापरू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. वारंवार होणाऱ्या गर्भपातांसाठी नेमाने टॉर्च करणं सोडून द्यावं, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगून बरीच वर्षं झाली. आपल्याकडे तपासणी सुरूच आहे, आणि ठळक अक्षरांखाली दडपून जाणारी घरंही.

कायदाही यात बघ्याची भूमिका घेत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग हे घटस्फोटाचं कारण आजही आहे. कुष्ठरोगाचं कारण 2019 साली वगळलं गेलं, कारण औषधाने बऱ्या होणाऱ्या आजारावरून संसार मोडणं लाजिरवाणं आहे हे संसदेला पटलं. गुप्तरोगाचं कलम मात्र जागेवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 15 ते 49 या वयातल्या जवळपास पन्नास कोटी लोकांच्या शरीरात हर्पीस सिम्प्लेक्स दोन आहे. त्यातले बहुसंख्य लक्षणाविना, आणि तरी अधूनमधून विषाणू पाझरणारे. त्यांतला कोणता माणूस 'संसर्गजन्य स्वरूपाचा' नाही? आणि कोणता वकील केवळ एका रिपोर्टच्या जोरावर ते सिद्ध करू पाहणार नाही? इतक्या सर्वसाधारण गोष्टीला घटस्फोटाचं हत्यार करून ठेवलं, की ते कुणाच्या हातात जाईल आणि कुणावर चालेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता तिसरं वाक्य. 'ठीक आहे, कुणालाच दोष देऊ नका. पण मग सगळ्यांचीच तपासणी करा. लपवाछपवी नको.' हे सर्वांत समजूतदार वाटतं, आणि म्हणूनच सर्वांत फसवं आहे.

पहिली अडचण तांत्रिक आहे. लक्षण नसलेल्या लोकांची सरसकट रक्ततपासणी करावी का, याचा अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने सगळे पुरावे पाहून 2016 साली विचार केला, आणि 2023 साली पुन्हा. दोन्ही वेळा उत्तर एकच: करू नये. कारण प्रचलित तपासणीत, जिथे विषाणूचं प्रमाण साधारण असतं तिथे, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा निकाल खोटा असू शकतो. म्हणजे दोन पॉझिटिव्ह नववधूंपैकी एकीचं लग्न अशा विषाणूमुळे मोडायचं, जो तिच्या शरीरात नाहीच. आणि खऱ्या पॉझिटिव्ह असलेल्या दुसरीला सांगायचं काय? विषाणू समूळ घालवणारं औषध नाही, आणि तो तिला कधी आला हेही सांगता येत नाही.

दुसरी अडचण सामाजिक आहे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत घडून गेलेली आहे. 2006 साली गोव्यात लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. तेव्हाही युक्तिवाद हाच होता: मुलींचं रक्षण. त्याला विरोध करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की सक्तीच्या तपासणीने रक्षण होत नाही, खोटे दाखले तयार होतात आणि खऱ्या पॉझिटिव्ह माणसाला बहिष्कार मिळतो. पुढे 2017 च्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने संमतीशिवाय तपासणीला मनाई केली. जो धडा एचआयव्हीने शिकवला, तो हर्पीससाठी पुन्हा पहिल्या पानापासून गिरवायची गरज नाही.

इथे एक आक्षेप असा आहे, जो हसण्यावारी नेता येत नाही. बाळाचा. 'बाईच्या स्रावात विषाणू असेल आणि ती बाळंत झाली, तर बाळाचं काय?' नवजात बाळाला होणारा हर्पीस भयंकर असतो. जगात दर लाख जन्मांमागे सुमारे दहा बाळांना तो होतो, असा अंदाज आहे. मेंदूपर्यंत पोचला तर वेळीच औषध मिळूनही बाळ जन्मभराचं अपंगत्व घेऊन राहू शकतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर अनेक बाळं दगावतात. तेव्हा 'लक्षणाविना पाझर ही नित्याची गोष्ट आहे' असं म्हणणाऱ्याने या प्रश्नाला बगल देता कामा नये.

1991 साली झेन ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर शोधलं. प्रसूतीच्या वेळी कोणतंही लक्षण नसलेल्या 15,923 स्त्रियांचे नमुने त्यांनी तपासले. 56 जणींत विषाणू सापडला. म्हणजे हजारी तीन-चार. मग यांतल्या ज्या बायकांचं रक्त तपासता आलं, त्यांचे दोन गट केले. 34 जणींच्या शरीरात विषाणू जुना होता, तो नुसता जागा झाला होता. 18 जणींना तो गरोदरपणाच्या शेवटी नव्याने लागलेला होता. जुन्या विषाणूच्या 34 बायकांच्या बाळांपैकी एकाला हर्पीस झाला. नव्या लागणीच्या 18 जणींच्या बाळांपैकी सहांना. जुना विषाणू असलेली आई आपल्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला देते, आणि ती बाळाचं बऱ्यापैकी रक्षण करतात. नव्याने लागण झालेल्या आईला ती तयार करायला वेळच मिळालेला नसतो.

या आकड्यांचा अर्थ दोनदा वाचावा असा आहे. बाळाला मोठा धोका आहे तो वर्षानुवर्षं विषाणू बाळगणाऱ्या, रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' म्हणून दाखवल्या गेलेल्या बाईकडून नव्हे. धोका आहे तो तोवर निगेटिव्ह असलेल्या बाईला सातव्या-आठव्या महिन्यानंतर नवऱ्याकडून लागण झाली तर. म्हणजे बाळाची काळजी खरंच असेल, तर बोट पुन्हा तिकडेच वळतं जिकडे वळवायला सगळ्यांची जीभ जड होते. गरोदर बाईच्या नवऱ्याला त्याच्या अंगावर पूर्वी कधी फोड आले होते का, ओठावर आता काही आहे का, हे विचारा. शेवटच्या तिमाहीत सावध राहायला, आणि ओठावर फोड असताना मुखमैथुन टाळायला सांगा. बाईला आधीपासून हर्पीसचा त्रास असेल तर छत्तिसाव्या आठवड्यापासून अ‍ॅसायक्लोव्हिरसारखं औषध देण्याची पद्धत जगभर मान्य आहे, आणि हे औषध महागडं नाही. प्रसूतीच्या वेळी प्रत्यक्ष फोड असतील तर सिझेरियन. यातल्या एकाही उपायासाठी कुणाच्या चारित्र्याची उलटतपासणी करावी लागत नाही.

'मग हे सगळं सांगून लोकांना घाबरवता कशाला?' असं आता विचारलं जाईल. विषाणू नित्य पाझरत असेल आणि त्याला मुळापासून घालवता येत नसेल, तर झाकली मूठ सव्वा लाखाची, असा सूर निघेल. हा सूर मला मान्य नाही. न सांगितल्याने भीती कमी होत नाही, ती फक्त एका व्यक्तीच्या पदरात पडते. शिवाय करण्यासारखं खूप आहे. बाधित जोडीदाराने रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं, तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, हे 2004 साली 1,484 जोडप्यांच्या चाचणीत दिसलं. आफ्रिकेतल्या जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासात कंडोममुळे पुरुषाकडून स्त्रीला होणारी लागण दर संबंधामागे सुमारे 96 टक्क्यांनी कमी होत असल्याचं आढळलं. हे उपाय वापरायला जोडप्याला आधी हे माहीत हवं की फोड नसतानाही लागण होते. मूठ झाकून ठेवली तर उपायही झाकलेलेच राहतात.

औषधं सगळं करू शकत नाहीत, हेही खरं. हर्पीस सिम्प्लेक्स दोनमुळे एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता साधारण तिपटीने वाढते, म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिर देऊन एचआयव्ही रोखता येईल अशी मोठी आशा होती. आफ्रिकेतल्या मोठ्या चाचण्यांत फोड खूप कमी झाले, पण एचआयव्हीची लागण कमी झाली नाही. सिएटलच्याच संशोधकांनी नंतर दाखवलं की फोड भरल्यावर, औषध चालू असतानाही, त्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी बराच काळ तिथेच राहतात, आणि एचआयव्हीला त्याच पेशी हव्या असतात. वरून साफ दिसणारी त्वचा आत वेगळीच हकीगत सांगत असते, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही. फोडाकडे पाहून निष्कर्ष काढण्याची सवय औषधशास्त्रालाही महागात पडली, तिथे सासूबाईंचं काय घेऊन बसलात.

म्हणून मागणी मर्यादित आणि नेमकी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भपातानंतर सवयीने टॉर्च लिहून देणं बंद करावं. हर्पीसची तपासणी करायचीच असेल, तर प्रकार वेगळे सांगणारी करावी, आणि जोडप्याची करावी, एकट्या बाईची नव्हे. सुरक्षा क्लिनिकमधल्या समुपदेशकाने लाल संच देताना जोडीदाराला बोलवावं आणि फोड गेल्यावरही लागण होऊ शकते हे दोघांना एकत्र सांगावं. घटस्फोटाच्या कायद्यातलं गुप्तरोगाचं कलम कुष्ठरोगाच्या वाटेने जावं. आणि प्रयोगशाळांनी रिपोर्टच्या तळाशी, जिथे आज बारीक टाईपात 'काइंडली कोरिलेट क्लिनिकली' छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही, तिथे ठळक मराठीत एक ओळ छापावी: 'या निकालावरून लागण केव्हा झाली आणि कोणाकडून झाली, हे सांगता येत नाही.' पॉझिटिव्ह हा शब्द ठळक छापता येतो, तर ही ओळही येते. शाईचा खर्च तेवढाच आहे.